घंटा, टोपी आणि छडी

महोत्सव म्हटला कीं जुन्या आठवणींस पूर येतो. या स्मरणिकेच्या तयारीसाठीं गेले कांहीं महिने धर्मग्रामांतील वडीलधारी मंडळी रविवारच्या मिस्सेनंतर मंदिराच्या ओट्यावर बसूं लागली. बोलणें कोठूनही निघो, शेवटीं तें शाळेवर येऊन थांबे. कोणी गुरुजींच्या छडीची, कोणी शनिवारच्या सकाळच्या शाळेची, कोणी शेणानें वर्ग सारवण्याची हकीकत सांगे, आणि मग हंशा पिके. एका रविवारीं धर्मशिक्षणाच्या वर्गांतील एक लहान मुलगी हें सारें ऐकत उभी होती. तिनें विचारलें, "पण असे नियम केले कां होते?" ओटा क्षणभर गप्प झाला. मग एक आजोबा म्हणाले, "कां म्हणून विचारायचें नाहीं, हाच तर पहिला नियम होता!" पुन्हा हंशा झाला, परंतु मुलीच्या प्रश्नास उत्तर मिळालें नाहीं. तें शोधण्याचा हा आमचा अल्प प्रयत्न आहे. वाचकांनीं तो गोड करून घ्यावा.

इंग्रजी अंमल येण्यापूर्वी, आणि त्यानंतरही बराच काळ, आपल्या मुलखांतील शिक्षण गांवठी शाळेंत होत असे. देवळाची ओसरी किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या घराचा सोपा, हीच शाळा. आणि पंतोजी हेच तिचे शिक्षक, कारकून व न्यायाधीश. धूळपाटीवर अक्षर गिरवावें, पुढें बोरूनें मोडी लिहावी, हिशेब करावा आणि संध्याकाळीं सर्वांनीं एका सुरांत परवचा म्हणावा, असा क्रम असे. पाढ्यांत एक चूक झाली तरी ओणवें उभें राहणें, आंगठे धरणें किंवा कोंबडा होणें ठरलेलें. आणि पाढे तरी किती! पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि सर्वांत अवघड अशी औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा. बारामतीच्या आसपास यांत आणखी भर पडे ती मोरोपंतांच्या आर्यांची. ज्या कवीनें आपल्या आयुष्याची बहुतेक वर्षें बारामतींत काढलीं व १७९४ सालीं देह ठेवला, त्याच्या आर्या तेथील मुलास पाठ नसाव्या हें कोणास खपणार?

साडेतिनाचा पाढा चुकला म्हणून मुलास कोंबडा करणें आज वेडेपणाचें वाटतें. पण या नियमाचें मूळ आपल्याच शिवारांत सांपडतें. १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट या दोन अधिकाऱ्यांनीं इंदापूर तालुक्यांत जमिनीची नवी मोजणी व सारा-आकारणी केली, आणि पुढें हीच पद्धत मुंबई इलाख्यांत पसरली. तींत चाळीस गुंठ्यांचा एकर आणि सोळा आण्यांचा गुंठा. जमिनीची प्रतही आण्यांतच मांडलेली. रुपया सोळा आण्यांचा होताच. म्हणजे शेतकऱ्याच्या पोरास पावकी-पाऊणकी येत नसेल, तर आपल्या शेताचा सारा किती आणि सावकाराचें व्याज किती, हें त्यास दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घ्यावें लागे.

दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याचा परिणाम काय होतो हेंही आपल्याच भागानें पाहिलें आहे. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस सुपें गांवीं लोकांनीं सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. हें सुपें तेव्हां भीमथडी तालुक्यांत होतें व आतां बारामती तालुक्यांत आहे. दंग्याचें लोण पुणें व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पोंचलें. लोकांचा राग विशेषेंकरून कागदांवर होता; कर्जरोखे व खातेवह्या त्यांनीं हुडकून काढून जाळल्या. ज्या कागदावर आपण नांगराची निशाणी केली त्यांत काय लिहिलें आहे, हें त्यांतील बहुतेकांस वाचतां येत नव्हतें. सरकारनें चौकशी केली, आणि १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा होऊन असे दस्तऐवज अधिकाऱ्यापुढें नोंदविण्याची तजवीज झाली. सुप्याची ही हकीकत ज्यांनीं आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकली असेल, त्या पंतोजीस पाढ्याविषयीं इतका कडकपणा कां वाटे तें आपणांस कळूं शकतें. दुर्दैव एवढेंच कीं कारण त्याच्या मनांत राहिलें आणि मुलाच्या वांट्यास फक्त छडी आली.

१९५७ सालच्या १ एप्रिलपासून रुपयाचे शंभर पैसे झाले. त्यामागून शेर, पायली व मण जाऊन किलो व लिटर आले. औटकीचें काम संपलें. तरीही त्यानंतर अनेक वर्षांनीं, म्हणजे १९७०च्या दशकांत, आम्ही इंदापूर तालुक्यांतल्या भीमाकांठच्या एका खेड्यांत शिकत असतां औटकी चुकल्याबद्दल हातावर वळ घेऊन घरीं गेलों आहों. कारण निघून गेलें होतें, नियम मात्र वर्गांत बसून होता. त्या शाळेची इमारत पुढें उजनीच्या धरणाच्या पाण्याखालीं गेली. औटकी आमच्याबरोबर नव्या गांवठाणांतही आली.

त्याच शाळेंत डोक्यावर पांढरी टोपी असल्यावांचून हजेरी लागत नसे. आमच्या ओळखीचे दोघे भाऊ, एक तिसरींत व एक चौथींत, आणि दोघांत टोपी एक. तिसरीची हजेरी होतांच धाकटा ती खिडकींतून चौथीच्या वर्गांत सारी. चौथीच्या गुरुजींस हें पक्कें ठाऊक होतें. तिसरींत शेवटचें नांव पुकारलें गेलें कीं ते फळा स्वच्छ असला तरी खिडकीकडे पाठ करून तो पुसूं लागत, आणि मग सावकाश हजेरीपट उघडीत. नियम मोडला नाहीं आणि मुलगाही मोडला नाहीं. पुढें सेमिनरींत नीतिशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ आम्हीं वाचले. परंतु कायदा आणि दया यांची सांगड कशी घालावी याचा पहिला पाठ आम्हांस त्या पुसलेल्या फळ्यानें दिला.

सारेच गुरुजी असे नव्हते. बॉलपेनानें अक्षर बिघडतें म्हणून तें वर्गांत आणण्यास बंदी होती, आणि ज्यांच्या शाईच्या पेनास गळती लागे त्यांस शर्ट मळविल्याबद्दल निराळी शिक्षा होती. एक मुलगा डावखुरा होता. त्याचा डावा हात कित्येक दिवस सुतळीनें बांकास बांधून ठेवण्यांत आला. तो पुढें नामांकित गवंडी झाला, आणि आज डाव्याच हातानें थापी चालवितो. सही मात्र अजून शिकविलेल्या उजव्या हातानें करतो. ती दर वेळीं निराळी येते व बँकेंत अडकते.

येथवरचे नियम कडक म्हणावे, कालबाह्य म्हणावे किंवा नुसते वेडगळ म्हणावे. पण आणखी एक जात आहे, आणि तिची आठवण काढतांना ओट्यावर हंशा पिकत नाहीं. नीरा नदी ओलांडली कीं सातारा जिल्हा लागतो. तेथें साताऱ्याच्या शाळेंत १९०० सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या ७ तारखेस एका नऊ वर्षांच्या मुलाचें नांव दाखल झालें. हेच पुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाले. वर्गांत त्यांस एका कोपऱ्यांत, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसावें लागे, आणि तो तुकडा संध्याकाळीं घरीं न्यावा लागे. तहान लागली तर नळास हात लावावयाचा नाहीं. शिपायानें नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशीं पाणी नाहीं. हें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. हा नियम कोठल्या फळ्यावर लिहिलेला नव्हता, तरी सर्व नियमांत तोच सर्वांत कसोशीनें पाळला जात होता. १९२३ सालीं सार्वजनिक पाणवठे व शाळा सर्वांस खुल्या असाव्या असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत मंजूर झाला. पण ठराव झाल्यानें घागर लगेच हातीं येत नाहीं, हें १९२७ सालीं महाडास दिसून आलें. आपल्यापैकीं अनेकांच्या आजोबा-पणजोबांस या नियमाची ओळख पुस्तकांतून करून घ्यावी लागली नव्हती. औटकीच्या नियमास एके काळीं कारण होतें. या नियमास कारण कधींच नव्हतें. त्यास फक्त लाभार्थी होते.

आतां दुसऱ्यांचे दोष सांगून आपल्या घरचे झांकूं नयेत. ख्रिस्तसभेनें शिस्तीचा विचार फार पूर्वीं केलेला आहे. येशूसंघाच्या शाळांसाठीं १५९९ सालीं जी नियमावली तयार झाली, तींत शिक्षकानें शिक्षा करण्यांत उतावीळ होऊं नये, स्वतः विद्यार्थ्यावर हात टाकूं नये, त्याचा शब्दानें वा कृतीनें अपमान करूं नये, आणि त्यास त्याच्या नांवाशिवाय किंवा आडनांवाशिवाय दुसऱ्या कोणत्याही नांवानें हांक मारूं नये, असें स्पष्ट सांगितलें आहे. १८७७ सालीं संत जॉन बॉस्को यांनीं आपल्या शिक्षणपद्धतीवर जो लहानसा निबंध लिहिला, त्याचाही रोख हाच कीं नियम मुलांस आधीं समजावून द्यावे, प्रेमानें त्यांच्यावर लक्ष ठेवावें, म्हणजे शिक्षेची वेळच येऊं नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं सेमिनरींविषयीं लिहितांना, विद्यार्थ्यांनीं शिस्त मनापासून पटवून घेऊन पाळावी, असा आग्रह धरला.

इतकें असूनही, आम्ही ज्या बोर्डिंगांत राहिलों तेथें इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलण्यास मनाई होती. जो मराठी बोलतांना सांपडे त्याच्या गळ्यांत एक लाकडी पट्टी घालीत. दुसरा कोणी बोलतांना त्यानें पकडला म्हणजेच ती त्याच्याकडे जाई. भाषा शिकविण्याचा हेतु चांगला होता, परंतु त्या पट्टीनें आम्हांस इंग्रजीपेक्षां चोरून ऐकण्याची कला अधिक शिकविली. पहिले तीन महिने आम्ही जवळजवळ मुके होतों. रात्रीची प्रार्थना मात्र आम्ही मनांत मराठींतच करीत असूं, आणि ओठ हालतील या भीतीनें तोंड घट्ट मिटून घेत असूं.

मग आम्ही स्वतः धर्मगुरु झालों आणि घंटा आमच्या हातीं आली. वीसएक वर्षांपूर्वींची ही गोष्ट सांगण्यास संकोच वाटतो, पण महोत्सवाच्या वर्षीं हिशेब पुरा मांडावा. आम्ही मुलांसाठीं संध्याकाळची अभ्यासिका चालवीत होतों. सहाची घंटा झाली कीं दार बंद. उशिरा येणाऱ्यानें तासभर बाहेर उभें राहावें, असा आमचा नियम होता. आमच्या मतें तो वक्तशीरपणासाठीं होता. गळिताचा हंगाम होता. कारखान्याच्या वाटेवर ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडल्या होत्या, आणि त्यांतला एक मुलगा अभ्यासिकेस येऊं लागला होता. तो रोज उशिरा येई. तीन दिवस आम्हीं त्यास बाहेर उभें केलें. चौथ्या दिवशीं तो आला नाहीं. पुढें कळलें कीं आईबाप वाढें विकून कोपीवर परतेपर्यंत त्यास तान्ह्या बहिणीस सांभाळावें लागे. आम्ही त्याच्या शोधास गेलों तेव्हां टोळी दुसऱ्या फडावर गेली होती. जमिनीवर चुलींचे दगड तेवढे राहिले होते. कोणास विचारावें तर काय म्हणून विचारावें? आम्ही त्यास 'कोपीवाला' म्हणत असूं. त्याचें नांव आम्हीं कधीं विचारलेंच नव्हतें. १५९९ सालची ती नियमावली आमच्या कपाटांतच होती.

मुलांस शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करूं नये असा कायदा आतां देशांत आहे. शिक्षणहक्काचा हा कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. छडी त्यानें बेकायदेशीर ठरविली हें फार चांगलें झालें. पण आमच्या हातीं त्या संध्याकाळीं छडी नव्हती, फक्त बंद दार होतें. शब्बाथ माणसासाठीं आहे, माणूस शब्बाथासाठीं नाहीं, ही प्रभूची शिकवण आम्ही दर वर्षीं प्रवचनांत सांगत आलों होतों. ती दाराच्या कडीस लागू करण्याचें आम्हांस सुचलें नाहीं.

म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें आहे. कांहीं नियम आमच्या पूर्वजांनीं मुलांच्या भल्यासाठीं केले आणि कारण सांगावयास ते विसरले. कांहींचें कारण केव्हांच सरलें, पण ते पुसण्याचें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. कांहीं केवळ मोठ्यांच्या सोयीसाठीं होते. आणि कांहीं माणसास माणसापासून दूर ठेवण्यासाठींच होते. कोणता नियम कोणत्या जातीचा, हें ओळखण्यास एकच उपाय आहे: ज्यास तो पाळावा लागतो त्यास "कां?" असें विचारूं द्यावें.

या महोत्सवाच्या निमित्तानें आम्हीं धर्मशिक्षणाच्या वर्गाचे नियम मुलांसमवेत नव्यानें लिहिले. प्रत्येकासमोर त्याचें कारण लिहावयाचें ठरलें, आणि ज्याचें कारण लिहितां आलें नाहीं तो खोडला. जुने बारा होते, पांच उरले. दार बंद करण्याचा नियम गेला. उशिरा आलेल्या मुलास आधीं त्याचें नांव विचारावें, मग बसावयास जागा द्यावी, आणि उशीर कां झाला हें नंतर विचारावें, असें आतां लिहिलें आहे. घंटा मात्र आम्हीं ठेविली आहे. ती वेळेवर वाजविण्याचा नियम आमच्यासाठीं आहे, आणि तो मोडल्यास जाब विचारण्याचें काम त्या मुलीकडे दिलें आहे.