कव्हर ड्राइव्हविना दहा तास

शुक्रवार, 2 जानेवारी 2004. तुम्ही सिडनी क्रिकेट ग्राउंडवर आहात. समोर लेडीज पॅव्हिलियनचं हिरवं छप्पर आणि चहूबाजूंनी हलणारे लाल रुमाल. स्टीव्ह वॉचा हा शेवटचा कसोटी सामना. तो खिशात कायम लाल रुमाल बाळगतो, म्हणून आज निम्मं सिडनी लाल रुमाल घेऊन आलंय. भारत-ऑस्ट्रेलिया मालिका 1-1 अशी बरोबरीत आहे. तुम्ही वीसेक वर्षं पुढच्या काळातून आलात, त्यामुळे पुढे काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे. अट एकच: इथं कुणाला सांगायचं नाही.

128 वर भारताचा दुसरा गडी बाद होतो आणि सचिन तेंडुलकर मैदानात उतरतो. टाळ्यांचा कडकडाट होतो, पण भारतीय प्रेक्षकांच्या चेहऱ्यावर धास्ती आहे. तुमच्या शेजारी मूळचे दादरचे, आता पॅरामाटाला राहणारे एक काका बसलेत. ते बोटांवर मोजून दाखवतात: 0, 1, 37, 0, 44. मालिकेतल्या पाच डावांत मिळून 82 धावा. सरलेल्या 2003 सालात कसोटीत नऊ डाव, 153 धावा, सरासरी 17. “तीस वर्षांचा झाला हो. पूर्वीचा सचिन राहिला नाही म्हणतात,” काका हळू आवाजात सांगतात, जणू घरातलं आजारपण.

ऑस्ट्रेलियाचा बेत गुंतागुंतीचा नाही. ऑफ स्टंपबाहेर टाकत राहायचं, ऑफ साइडला माणसं पेरायची आणि वाट बघायची. या मालिकेत अशा चेंडूंच्या मोहात पडून सचिन यष्टिरक्षकाच्या हाती सापडला आहे. कव्हर ड्राइव्ह हा त्याचा लाडका फटका, आणि नेमका तोच घात करतोय.

आता गॅलरीतून उठा आणि थेट खेळपट्टीवर, फलंदाजाच्या जागी उभे राहा. ब्रेट ली धावत येतोय. हे त्याचं घरचं मैदान आहे आणि त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. चेंडू त्याच्या हातातून सुटल्यापासून तुमच्यापर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही. एवढ्या वेळात दिशा ओळखायची, टप्पा ओळखायचा, पाय हलवायचा, बॅट आणायची. ‘हा मारू की सोडू?’ असा विचार करायला जागाच उरत नाही. म्हणून मनाचं खरं काम चेंडू सुटण्याच्या आधीच उरकावं लागतं. ज्याचा निर्णय आदल्या रात्री झालेला असतो, त्यालाच त्या अर्ध्या सेकंदात डोकं शांत ठेवता येतं.

सचिनचा निर्णय झालेला आहे. सामन्याआधी थोरला भाऊ अजितशी त्याचं बोलणं झालंय. तंत्रात बिघाड नाही, फटक्यांची निवड चुकतेय, असा त्या बोलण्याचा निष्कर्ष. अजित तेंडुलकर भारतीय संघाचा प्रशिक्षक नाही. प्रशिक्षक आहेत न्यूझीलंडचे जॉन राइट, भारतीय संघाचे पहिले परदेशी प्रशिक्षक आणि स्वतः चिवट सलामीवीर. पण या पातळीवर प्रशिक्षण देणारा कागदावर कोण आहे, याला फारसा अर्थ नसतो. तीस-बत्तीस कसोटी शतकं ठोकलेल्या माणसाला बॅट कशी धरायची हे कोण सांगणार? त्याला आजार ओळखणारा माणूस हवा असतो. दोन-चार अपयशांनंतर पकड बदल, पवित्रा बदल, बॅटचं वजन बदल, असे सल्ले चहूकडून येतात. तंत्राला हात न लावता, दोष निवडीचा आहे एवढंच सांगणारा विरळा.

बघा, लीचा चेंडू ऑफ स्टंपबाहेरून जातो. सचिन बॅट उचलून सोडून देतो. पुढचाही सोडतो. नेथन ब्रॅकन डावखुरा, त्याचे चेंडू तिरके बाहेर जातात. तेही सोडतो. अर्धवट पुढे पडलेला, एरवी हमखास कव्हरमधून सीमापार गेला असता असा चेंडू येतो, आणि तोही तो जाऊ देतो. काका अस्वस्थ होतात. “अरे, मार की एक!” तासाभराने त्यांच्या लक्षात येतं. “हा ड्राइव्ह मारतच नाहीये!”

नाही म्हणत राहण्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो, पण दिसतो. दमलेले गोलंदाज हळूहळू यष्ट्यांच्या रेषेत येऊ लागतात. मग मनगट वळतं आणि चेंडू मिडविकेटकडे, मिडऑनच्या बाजूने पळतो. आता त्याला हवा तिथे चेंडू पडतोय. सापळा लावणारेच सापळ्यात चाललेत. दिवसअखेर भारत 3 बाद 284, सचिन नाबाद 73.

रात्रभर इथं थांबण्यापेक्षा थोडं मागे जाऊ. मार्च 1998, चेन्नई. चेपॉकवर पहिल्या डावात शेन वॉर्नने त्याला 4 धावांवर बाद केलंय. दुसऱ्या डावात वॉर्न लेग स्टंपबाहेरच्या खडबडीत जागेत चेंडू टाकू लागतो, आणि सचिन तुटून पडतो. नाबाद 155. ही हिंमत आयत्या वेळची नव्हे. मालिकेआधी त्याने चेन्नईतच लेग स्टंपबाहेर खेळपट्टी उकरून घेतली आणि लक्ष्मण शिवरामकृष्णन यांना तिथेच गोलंदाजी करायला लावून सराव केला. म्हणजे चेन्नईत मनोबल हल्ल्याच्या रूपात दिसलं आणि सिडनीत संयमाच्या. आक्रमक म्हणजे खंबीर आणि सावध म्हणजे कचखाऊ, हे आपलं समीकरण इथेच मोडतं. दोन्ही ठिकाणी निर्णय आधी झाला होता आणि आयत्या वेळी तो पाळला गेला. खंबीरपणा तो एवढाच.

आणखी मागे जा. ऐंशीच्या दशकातलं शिवाजी पार्क, उकाडा आणि लाल धूळ. रमाकांत आचरेकर सरांनी मधल्या यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवलंय. दिवसभर खेळून थकलेल्या पोराला जो बाद करेल, त्याचा रुपया. कुणालाच जमलं नाही, तर रुपया पोराचा. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. मानसशास्त्राचं नावही न घेता सर नेमकं तेच शिकवतायत: पाय जड झाले, भूक लागली, तरी विकेट फेकायची नाही. मुंबईचा खडूस फलंदाज घडतो तो असा.

चला, पुन्हा सिडनी. 3 जानेवारी. समोरच्या टोकाला व्ही. व्ही. एस. लक्ष्मण आहे, आणि तो कव्हरमधून असे ड्राइव्ह मारतोय की काका हातातली बर्फाची पिशवी विसरलेत. मोहाची खरी परीक्षा इथे आहे. जोडीदार तोच फटका सहज मारतोय, प्रेक्षक वेडे झालेत, शतक पूर्ण झालंय, दीडशे झालेत, गोलंदाज थकलेत. आता एखादा मारला तर कोण बोलणार? तरी सचिन मारत नाही. लक्ष्मणच्या 178 मुळे फलक हलता राहतो, म्हणून सचिनला घाई करावी लागत नाही. मोठ्या संयमाला असा जोडीदारही लागतो. चौथ्या विकेटसाठी 353 धावांची भागीदारी होते.

मैदानाबाहेरही त्याने निवडी कमी केल्यात. कानात एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजतंय, ब्रायन ॲडम्सचं ‘समर ऑफ सिक्स्टीनाइन’. संध्याकाळी तेच मलेशियन रेस्टॉरंट, तेच टेबल, तेच पदार्थ. तुम्हाला ही अंधश्रद्धा वाटेल. थोडी असेलही. पण दिवसभर शेकडो चेंडूंवर निर्णय पाळणाऱ्या डोक्याला संध्याकाळी ‘आज काय खायचं’ एवढाही भार नको असतो.

4 जानेवारीला सौरव गांगुली 7 बाद 705 वर डाव घोषित करतो. तोवरची भारताची कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या. सचिन नाबाद 241. 436 चेंडू, 613 मिनिटं, 33 चौकार. लीने एका डावात 201 धावा मोजल्यात. दुसऱ्या डावात सचिन पुन्हा नाबाद, 60. एका सामन्यात 301 धावा आणि एकदाही बाद नाही.

उगाच देव्हारा मांडायचा नसेल, तर उरलेलं चित्रही बघा. ग्लेन मॅक्ग्रा दुखापतीमुळे नाही, वॉर्नवर बंदी आहे. आणि सामना भारत जिंकत नाही. अनिल कुंबळे पहिल्या डावात आठ बळी घेतो, पण शेवटच्या दिवशी वॉ 80 धावा करून सामना वाचवायला मदत करतो. ऑस्ट्रेलिया 6 बाद 357, सामना अनिर्णित. डाव आणखी लवकर सोडायला हवा होता, असं तेव्हाही अनेकांनी म्हटलं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. मालिका बरोबरीत सुटली आणि बॉर्डर-गावसकर चषक भारताकडेच राहिला.

तुमच्या काळात परत जाल, तेव्हा कुठल्याही मैदानात मुलांना खेळवणारे पालक आणि प्रशिक्षक भेटतील. आज कुठला नवा फटका शिकवला, हे ते अभिमानाने सांगतील. त्यांना एकच विचारा: यातला कुठला फटका, कधी खेळायचा नाही, हे ठरवायला मुलाला शिकवलंत का? फटके नेट्समध्ये शिकता येतात. स्वतःचा सर्वांत देखणा फटका दहा तास म्यानात ठेवणं शिकवतो, तोच खरा प्रशिक्षक.