यजमान मुंबई, मैदान बांबोळी

२८ फेब्रुवारी २०२१. इंडियन सुपर लीगच्या साखळी फेरीचा अखेरचा दिवस. अधिकृत नोंद सांगते की त्या संध्याकाळी मुंबई सिटी यजमान होती आणि कोलकात्याचा एटीके मोहन बागान हा पाहुणा संघ. सामना झाला तो मात्र गोव्यात, बांबोळीच्या मैदानावर. प्रेक्षागार पूर्ण रिकामे होते. मुंबईचा एकही रहिवासी तिकीट काढून आत बसलेला नव्हता, कोलकात्याचा नव्हता, आणि शेजारच्या पणजीचाही नव्हता.

भारतीय फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीतील तो हंगाम मुंबईने जिंकला. साखळीतील पहिला क्रमांकही तिचा आणि पुढील बाद फेरीचा करंडकही तिचाच. त्या संपूर्ण हंगामात संघाने मुंबईत एकही सामना खेळला नाही.

कारण सर्वज्ञात आहे. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे जगभरचे खेळ थांबले. इटलीची ‘सेरी आ’ ९ मार्चनंतर बंद पडली, २० जूनला पुन्हा सुरू झाली आणि युव्हेंटसने सलग नववे विजेतेपद मिळवले. तेथेही प्रेक्षागारे ओस होती. तरीही युव्हेंटस तुरीनमध्येच खेळला, आणि साथीने सर्वाधिक पोळलेल्या बेर्गामोचा अटलांटा बेर्गामोतच खेळला. मैदान रिकामे असले तरी आपल्या गावचे होते. भारतात संघांचा देशभर प्रवास अशक्य मानला गेला. म्हणून सर्व अकरा संघ गोव्यात आणून हॉटेलांत विलग ठेवण्यात आले. मडगावचे फातोर्डा, वास्कोचे टिळक मैदान आणि बांबोळी ही तीन मैदाने त्यांच्यात वाटून देण्यात आली. २० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१ या काळात ११५ सामने एकाच चिमुकल्या राज्यात पार पडले. मुंबईच्या वाट्याला ‘घर’ म्हणून बांबोळी आली.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे किंचित थांबावे. शंभर वर्षांनी कोणी केवळ गुणतक्ता पाहिला, तर ‘यजमान’ आणि ‘पाहुणा’ हे दोन रकाने त्याला नेहमीसारखेच भरलेले दिसतील. साधन खोटे नाही, पण त्या रकान्यातील शब्दाचा अर्थ मधल्या मध्ये बदलून गेलेला आहे. ताम्रपट वाचताना ज्या सावधगिरीने गावाचे नाव आणि दानाचे ठिकाण वेगळे तपासले जाते, तीच सावधगिरी अवघ्या काही वर्षांपूर्वीच्या गुणतक्त्यालाही लागू पडते.

त्या शब्दामागे एरवी काय असते, हे उत्तर कोकणातील प्रेक्षकाच्या वाटेवरून कळते. चिंचणीच्या फुटबॉलवेड्या मुलाला मुंबई सिटीचा सामना पाहायचा असेल, तर वाणगाव स्थानक गाठावे लागते. २०१३ पासून डहाणूपर्यंत येणाऱ्या लोकलने विरार, बोरिवली मागे टाकत अंधेरीला उतरावे लागते. सुमारे सात हजार आसनांचे ते मैदान, आणि परतीच्या गाडीचे सतत मनात चाललेले गणित, म्हणजे ‘घरचा सामना’. हंगाम सुरू झाला तेव्हा ती लोकल सर्वसामान्यांना बंद होती. १ फेब्रुवारी २०२१ रोजी ठरावीक वेळांपुरती ती सर्वांसाठी खुली झाली, तोवर हंगामाचा मोठा भाग सरला होता. अंधेरीत सामने झाले असते तरी चिंचणीचा मुलगा तेथे पोहोचला नसता.

मुंबईने याआधी एकदाच देशाचे विजेतेपद पाहिले होते. २००५-०६ च्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये महिंद्रा युनायटेडने ईस्ट बंगालला मागे टाकले. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. १९६२ मध्ये कंपनीचा संघ म्हणून जन्मलेला हा क्लब २०१० मध्ये कंपनीनेच बंद केला. त्यानंतर सर्वोच्च श्रेणीतील विजेतेपद गोवा, कोलकाता, बंगळूरु, अगदी मिझोरमच्या ऐझॉलपर्यंत फिरले. महाराष्ट्रात मात्र ते पंधरा वर्षे आले नाही.

मुंबई सिटीची स्थापना २०१४ ची. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकसमूहाने तिचा ६५ टक्के हिस्सा घेतला. पैसा आला, आणि तो सर्वांत आधी गोव्याकडे वळला. एफसी गोवाने २०२० च्या आरंभी दूर केलेले स्पॅनिश प्रशिक्षक सर्जियो लोबेरा मुंबईला आले. त्यांच्या मागोमाग अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमूस आणि मूळ गोमंतकीय मंदार राव देसाई हेही आले. मुंबईचा तो संघ एका अर्थाने गोव्याच्या जुन्या संघाचाच दुसरा अवतार होता. नंतर मैदानही गोव्याचेच मिळावे, हा इतिहासाचा खट्याळपणा म्हणावा.

सुरुवात वाईट झाली. २१ नोव्हेंबरच्या पहिल्याच सामन्यात जाहूला लाल कार्ड मिळाले आणि नॉर्थईस्ट युनायटेडने १-० ने हरवले. पुढचे १२ सामने मुंबई अपराजित राहिली. मग ३० जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात नॉर्थईस्ट, बंगळूरु आणि जमशेदपूर अशा तिघांनी तिला नमवले आणि मोहन बागान वर सरकला. २४ फेब्रुवारीला ओडिशावर ६-१ असा विजय मिळाला. त्यात मणिपूरच्या बिपिन सिंगची हॅटट्रिक होती. तरीही अखेरच्या दिवशी बागानचे ४० गुण होते आणि मुंबईचे ३७. बरोबरीही बागानला पुरली असती. फॉलने सातव्या मिनिटाला आणि ओगबेचेने पूर्वार्धातच दुसरा गोल केला. २-० अशा विजयाने गुण समान झाले. आपसांतले दोन्ही सामने मुंबईने जिंकलेले असल्याने साखळीचे शील्ड आणि आशियाई चॅम्पियन्स लीगची जागा तिला मिळाली.

उपांत्य फेरीत समोर एफसी गोवा होता. पहिला सामना फातोर्ड्याला, २-२. हंगामातील ‘यजमान’ हा शब्द भौगोलिकदृष्ट्या खरा ठरण्याचे भाग्य गोव्याच्या या एकाच संघाला होते. अर्थात त्याचेही प्रेक्षक घरीच बसलेले. दुसऱ्या सामन्यात, ८ मार्चला बांबोळीत, मुंबई यजमान आणि गोवा पाहुणा! गोव्याच्या संघाला गोव्यात पाहुणा ठरवणारी ही नोंद आजही जशीच्या तशी आहे. १२० मिनिटांत गोल झाला नाही. अखेरीस दोन्ही प्रशिक्षकांनी केवळ पेनल्टींसाठी गोलरक्षक बदलले. मुंबईने कर्णधार अमरिंदर सिंगला बाहेर घेऊन फुर्बा लाचेन्पाला उतरवले. मुंबई ६-५ ने जिंकली. निर्णायक पेनल्टी मारणारा रॉलिन बोर्जेस हा गोव्याचाच सुपुत्र.

१३ मार्चच्या अंतिम सामन्यात पुन्हा बागान. अठराव्या मिनिटाला डेव्हिड विल्यम्सने त्यांना आघाडी दिली. एकोणतिसाव्या मिनिटाला जाहूच्या लांब चेंडूवर बागानच्या तिरीचा स्वयंगोल झाला. पूर्वार्ध संपता संपता मुंबईचा तरुण बचावपटू अमेय रानवडे टकरीत जबर जखमी झाला आणि रुग्णवाहिकेतून त्याला रुग्णालयात न्यावे लागले. मुंबईच्या संघातील मुंबईचा हा मुलगा विजेतेपदाचा क्षण पाहायला मैदानावर नव्हता. नव्वदाव्या मिनिटाला बागानचा गोलरक्षक आणि तिरी यांच्या गोंधळातून ओगबेचेने चेंडू मिळवला, बिपिनकडे सरकवला आणि बिपिनने गोल केला. २-१.

काहींच्या मते प्रेक्षकांविना मिळवलेले हे विजेतेपद उणे आहे. हा आक्षेप टिकत नाही. घरच्या मैदानाचा लाभ नसताना तीस हजारांचा गजर कोणाच्याही बाजूने नव्हता, आणि अकरांपैकी दहा संघ घरापासून सारखेच तुटलेले होते. कस लागला तो निव्वळ खेळाचा. उणे राहिले ते शहर. महिंद्राच्या विजेतेपदाला निदान साक्षीदार होते, मागे क्लब उरला नाही. मुंबई सिटीचा क्लब उरला, पण त्या विजयाचा साक्षीदार म्हणून दूरचित्रवाणीचा पडदाच काय तो सांगता येतो.

पुढचा, २०२१-२२ चा हंगामही गोव्यातच झाला. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवून मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरली. विजयी गोल मुंबईकर राहुल भेकेचा होता, आणि तोही परदेशी मैदानावर.

संघ अंधेरीला परतला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये. तोवर लोबेरा निघून गेले होते. ओगबेचे हैदराबादला, तर अमरिंदर आणि बुमूस, ज्या बागानला हरवून करंडक उचलला, त्याच बागानला जाऊन मिळाले होते. जाहू, फॉल, मंदार आणि बिपिन मात्र होते. डहाणू लोकलही पुन्हा सर्वांसाठी धावत होती.