पाद्री स्टीफन्सच्या दोन भाषा : एक बोलायची, एक लिहायची

थॉमस स्टीफन्सचं नाव निघालं की आपण मराठी माणसं लगेच मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्याच्या ओव्यांकडे वळतो. रत्नं, मोगरा, कस्तुरी. ओव्या सुंदर आहेतच, पण त्यांच्या गजरात एक साधा प्रश्न मागे राहून जातो. १५७९च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरलेला हा इंग्रज, पोर्तुगिजांचा पाद्री एस्तेव्हांव, जवळजवळ चाळीस वर्षं इथे राहिला आणि त्यातली बरीचशी साष्टीच्या गावांत. तिथल्या घराघरांत बोलली जायची ती कोंकणी. मग १६१६ साली राशोलला छापलेलं त्याचं क्रिस्तपुराण मराठीत कसं?

आमच्या गोव्यात या प्रश्नाचं उत्तर बहुधा आपापली बाजू बघून दिलं जातं. एक बाजू म्हणते, बघा, परक्यालासुद्धा मराठीच थोर वाटली. दुसरी म्हणते, त्याने व्याकरण लिहिलं ते कोंकणीचं, ते विसरू नका. दोन्ही खरं आहे. त्याचे तीन ग्रंथ शेजारी शेजारी ठेवले तर भांडण बाजूला पडतं आणि वेगळंच काही दिसतं.

पहिला ग्रंथ क्रिस्तपुराण : दोन भाग, ९५ अवस्वर, म्हणजे अध्याय, आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्या. दुसरा, त्याच्या मृत्यूनंतर १६२२ला छापलेली ‘दौत्रिना क्रिस्ताम’, म्हणजे मुलांना धर्म शिकवायची प्रश्नोत्तरं. तिसरा, आणखी उशिरा १६४०ला दियोगू रिबैरूच्या भरीसह निघालेला ‘आर्ते दा लिंगोआ कानारीं’ हा व्याकरणग्रंथ. भारतीय भाषेचं छापलेलं पहिलं व्याकरण म्हणून त्याचा मान आहे. आता बघा, दौत्रिना तोंडपाठ करायची, व्याकरण नव्या पाद्रीला लोकांशी बोलता यावं म्हणून. ही दोन्ही पुस्तकं तोंडाच्या कामाची, पहिलं कोंकणीतलं आणि दुसरं कोंकणीचं. पुराण मात्र पोथीसारखं समोर ठेवून वाचायचं. ते मराठीत.

ही वाटणी त्याच्या मनाची नव्हती. ती त्याला इथे तयार मिळाली. साष्टीतल्याच केळशीचा कृष्णदास शामा शके १४४८ मध्ये, म्हणजे १५२६ साली, श्रीकृष्णचरित्रकथा रचायला बसला तोही मराठी ओवीतच. गावात बोलायची भाषा एक आणि पोथीची भाषा दुसरी, यात इथल्या माणसाला काही खटकत नव्हतं. आजीचं घरातलं बोलणं कोंकणी आणि संध्याकाळचं वाचन मराठी, हे चित्र आमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिलं आहे. मला तर वाटतं, लिहिण्याची भाषा शामालाही शिकूनच घ्यावी लागली असणार. स्टीफन्सने ओलांडली ती दरी खास परक्याची नव्हती, इथला लिहिणारा माणूस ती रोजच ओलांडत होता. तो फक्त फार लांबून चालत आला.

बोलणं आणि लिहिणं यांतला फरक मला कारखान्यात कळला. उमेदीची बरीच वर्षं मी सीमेपलीकडे कन्नड फिटर-वेल्डरांबरोबर काढली. मोडक्यातोडक्या कन्नडात मशीन उघडून घेतलं, दुरुस्त करून बसवलं, भांडणंसुद्धा केली. पण शिफ्टच्या वहीत दोन ओळी लिहायच्या म्हटल्या की हात इंग्रजीकडे वळायचा. बोलताना समोरचा माणूस तुमचं वाक्य सावरून घेतो. अर्धा शब्द तुम्ही टाकता, अर्धा तो भरतो. वहीत कोण भरणार? तिथे आधार लागतो तो साच्याचा : आधी कुणीतरी असंच लिहून ठेवलेलं असावं लागतं.

मराठी ओवीत असा साचा तयार होता. शिवाय हा छंद प्रेमळ आहे. तीन चरणांचं यमक सांभाळलं, चौथा आखूड ठेवला, की अक्षरं थोडी मागेपुढे झालेली चालतात. नव्याने लिहायला लागलेल्याला गद्यापेक्षा हे सोपं. हा साचा पाद्रींपर्यंत कसा पोचला ते मात्र फारसं सुखाचं नाही. सोळाव्या शतकात हिंदूंच्या घरांतून पोथ्या काढून घेतल्या गेल्या, आणि काही पाद्रींनी त्यांचाच अभ्यास केला. रामायण-महाभारताच्या कोंकणी गद्यातल्या कथा आणि मराठी पद्यं रोमन लिपीत उतरवून घेतलेली हस्तलिखितं पोर्तुगालमध्ये ब्रागा इथल्या ग्रंथालयात आजही आहेत. क्रिस्तपुराणाच्या आरंभी नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की जुनी पुराणं तुम्ही सोडायला लावलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला दुसरं काही नको का? पुराण लिहिलं गेलं ते या रिकाम्या झालेल्या जागेसाठी. ही गोष्ट बाजूला ठेवून त्याच्या मराठीप्रेमाचं नुसतं कौतुक करणं मला जमत नाही.

तरीही त्याच्या लेखणीची जात ओळखायची तर प्रास्ताविकातलं त्याचं गद्य निवेदन वाचावं. तिथे तो म्हणतो त्याचा आशय असा : देवाच्या गोष्टी सांगायला या देशीच्या भाषांत मराठी योग्य वाटली. पण शुद्ध मराठी मधल्या थरातल्या लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे बहुतेक अवघड शब्द टाकले आणि ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे कोंकणीतले, सोपे शब्द मिसळले. दुसरी भाषा शिकलेला माणूस कच्चा असेपर्यंत अवघड शब्दांना चिकटून असतो, कारण शिकल्याचा पुरावा तेवढाच. स्टीफन्स ते टाकतो आणि टाकले म्हणून सांगतोही. परमेश्वराच्या राज्याला वैकुंठ म्हणायला तो कचरत नाही. पवित्र आत्म्याला मात्र पाद्रींचाच शब्द ठेवतो. कुठे इथला शब्द चालेल आणि कुठे अर्थ घसरेल, याचा हिशेब त्याच्याजवळ पक्का होता.

लिपीचा हिशेब तेवढा जुळला नाही. १६०८च्या एका पत्रात तो रोमला कळवतो, की या भूमीच्या भाषेत आणि अक्षरांत पुस्तकं छापावीत अशी पुष्कळ वर्षांची इच्छा आहे, मलबारात तशी आहेत. अडचण साच्यांची. युरोपात चोवीस अक्षरांवर भागतं, इथे प्रत्येक अक्षराला स्वर चिकटलेला, म्हणून साचे लागणार सहाशेच्या घरात. मी सहज गुणाकार करून पाहिला. ३४ व्यंजनं गुणिले बाराखडी, झाले ४०८. त्यात स्वर आणि रोजची जोडाक्षरं घाला, सहाशे सहज भरतात. आकडा हवेतला नव्हता.

म्हणून मराठी ओवी छापली गेली रोमन अक्षरांत. त-ट, द-ड हे भेद दाखवायला टवर्गाचं अक्षर दोनदा लिहायची युक्ती वापरली गेली, आणि रोमी कोंकणीत ती अजून दिसते. आपल्या पोथीपरंपरेला ही छपाई परकीच राहिली असणार. पण ज्यांना पाद्रींच्या शाळेत तीच अक्षरं शिकवली होती, त्यांना ती वाचता येत होती.

१६१९ला स्टीफन्स वारला. पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, १६४९ आणि १६५४ला. मग वारं फिरलं. जून १६८४मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि देशी भाषा सोडावी. ज्या भाषेत बोलायला पाद्री व्याकरण घोकत होते, तीच आता नको झाली. क्रिस्तपुराणाच्या त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत हाती लागत नाही.

ते टिकलं ते हातांनी केलेल्या नकलांत. गोवा सोडून दक्षिणेला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते बरोबर नेलं. मंगळूरकडे घरी कोंकणी बोलणारी ही माणसं रोमन अक्षरांतलं मराठी पुराण मोठ्याने वाचत. १९०७मध्ये जे. एल. सालढाणा यांनी मंगळूरला पुन्हा छापलं, ते अशाच हस्तलिखितांवरून. देवनागरीत ते पुण्याहून शांताराम बंडेलूंनी काढलं १९५६ला, पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी.