तबकडीचा कर्कशपणा आणि १९५४चा करार

१/ एलपी तबकडी फोनोची सोय नसलेल्या ॲम्प्लिफायरला जोडली, की उत्तम गायकाचा आवाजही पत्र्यासारखा वाजतो. खर्ज लोपतो, ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात. यात दोष गळ्याचा नसतो. तबकडी मुळातच तशी कोरलेली असते.

२/ खालच्या सुरांना खाचेत मोठा हेलकावा लागतो. ते पूर्ण जोराने कोरले तर शेजारच्या खाचा एकमेकींत शिरतील. वरचे सूर इतके सूक्ष्म असतात, की सुईच्या खरखरीत बुडून जातात. म्हणून कोरताना खर्ज दाबावा, वरचे सूर चढवावेत आणि वाजवताना नेमके उलट करावे, असा तोडगा निघाला. १९२५ नंतरच्या विद्युत ध्वनिमुद्रणामुळे तो शक्य झाला.

३/ किती दाबावे आणि किती चढवावे, याचे मात्र प्रत्येक कंपनीचे गणित निराळे होते. १९४८ साली कोलंबियाने एलपी आणल्यानंतर हा गोंधळ घरोघरी जाणवू लागला. महागड्या ॲम्प्लिफायरवर निरनिराळ्या मापांसाठी बटणे आली.

४/ १९५४ साली अमेरिकी ध्वनिमुद्रिका उत्पादकांच्या ‘आरआयएए’ या संघटनेने एकच माप ठरवले. १००० हर्ट्झचा सूर जसाच्या तसा; २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल घट, २०,००० हर्ट्झला जवळपास तितकीच वाढ. फोनोची जोडणी हेच गणित उलटे सोडवते.

५/ उरलेला कर्कशपणा श्रोत्याच्या हाती आला. १९५२ साली पीटर बॅक्सँडॉल यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये खर्ज आणि वरचे सूर स्वतंत्रपणे कमी-अधिक करणारी रचना प्रसिद्ध केली. १९७२ साली जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी मांडलेल्या पॅरामेट्रिक इक्वलायझरने हवी ती कंप्रता, हव्या त्या रुंदीने निवडणे साधले. कर्कशपणा बहुधा २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. तेवढाच भाग दोन-तीन डेसिबल उतरवला, तरी बाकीचे गाणे अबाधित राहते.

६/ मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांच्या तबकड्यांना १९५४चे माप लागू नाही. त्या आजच्या फोनोवर तशाच वाजवल्या, तर वरचे सूर अकारण दबतात. मग ट्रेबल वाढवताच खरखर उसळते. नवा श्रोता त्या खरखरीलाच खाँसाहेबांचा आवाज समजतो. म्हणून आधी त्या काळाचे माप जुळवावे आणि मगच ट्रेबलला हात लावावा.