ग्रहण (सूर्य व चंद्र)

चंद्र सूर्याच्या आड आला की सूर्यग्रहण होते आणि पृथ्वीच्या छायेत चंद्र शिरला की चंद्रग्रहण. पहिले अमावास्येलाच शक्य असते, दुसरे पौर्णिमेलाच. ही उपपत्ती आर्यभटांनी पाचव्या शतकाच्या अखेरीस 'आर्यभटीया'त स्पष्ट मांडली होती.

मग दर अमावास्येला ग्रहण का होत नाही? चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे. आकाशात चंद्रबिंब जेमतेम अर्धा अंश रुंद दिसते, म्हणजे हा कल दहा चंद्रबिंबांएवढा झाला. त्यामुळे बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेचे प्रतल ज्या दोन बिंदूंपाशी छेदते, त्यांना पात म्हणतात. पंचांगातले राहू-केतू ते हेच. सूर्य पाताजवळ असताना, म्हणजे साधारण सहा-सहा महिन्यांनी, ग्रहणे घडतात.

सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे 400 पट आणि त्याचे अंतरही जवळजवळ तितकेच पट, म्हणून दोन्ही बिंबे सारखी दिसतात. हा केवळ योगायोग आहे, पण खग्रास सूर्यग्रहण त्यामुळेच पाहायला मिळते. चंद्र दूर असेल तर त्याचे बिंब अपुरे पडते आणि सूर्याची कडा बांगडीसारखी उरते. हे कंकणाकृती ग्रहण. खग्रास अवस्था फार तर साडेसात मिनिटे टिकते आणि तीही एका अरुंद पट्ट्यातच. पट्ट्याबाहेरच्यांना खंडग्रास दिसते. त्या वेळी झाडाखाली पानांच्या फटींतून पडणारे कवडसे गोल न राहता चंद्रकोरीसारखे होतात. एकेक कवडसा म्हणजे सूर्याची प्रतिमाच.

चंद्रग्रहण मात्र पृथ्वीच्या ज्या अर्ध्या भागात रात्र असते तेथे सर्वत्र दिसते. स्पर्शापासून (सुरुवात) मोक्षापर्यंत (शेवट) ते काही तास चालते. खग्रास अवस्थाच दीड तासाहून अधिक टिकू शकते. तेव्हाही चंद्र तांबूस दिसत राहतो, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला लाल प्रकाश त्याच्यावर पडतो.

18 ऑगस्ट 1868 चे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले. गुंटूर येथे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन यांनी सौरज्वालांचा वर्णपट तपासला. ज्वालांच्या वर्णपटातील पिवळी रेषा सोडियमची नाही हे पुढे कळले आणि हेलियम पृथ्वीवर सापडण्याआधी सूर्यावर सापडला. एखाद्या ग्रहणाने विज्ञानाला इतके मोठे दान क्वचितच दिले असेल.

सुमारे 18 वर्षे 11 दिवस 8 तासांनी तशाच प्रकारचे ग्रहण पुन्हा येते. त्या वरच्या 8 तासांत पृथ्वी एक-तृतीयांश फिरते, म्हणून जागा बदलते : 16 फेब्रुवारी 1980 ला कर्नाटक ते ओडिशा असा पट्टा असलेले ग्रहण 1998 मध्ये कॅरिबियन भागात आणि 2016 मध्ये इंडोनेशियात दिसले.

चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी खुशाल पाहावे. सूर्यग्रहणाला मात्र प्रमाणित सौरचष्माच हवा. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच किंवा साधा गॉगल वापरल्यास डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते.