लाईट गेली तर मासे वाचतील का? घरच्या समुद्री टँकमधले मासे आणि ॲनिमोन सांभाळायची सोपी माहिती

केशरी-पांढरा क्लाउनफिश ॲनिमोनच्या झुलत्या बोटांमध्ये लपतोय, असं एखादं तरी रील तुम्ही पाहिलंच असेल. ते पाहून पहिला प्रश्न पडतो, "आपल्याकडे जमेल का हे?" शिरूर घोड नदीच्या काठावर, दौंड भीमेच्या. समुद्र दीड-दोनशे किलोमीटर लांब. उन्हाळ्यात पारा चाळीशी गाठतो आणि लाईटचा भरवसा नाही.

तरी जमतं. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायची: मासे आपोआप जगतात, सांभाळावं लागतं ते पाणी. आणि ते पाणी आपण घरी नसतानाही ठीक राहिलं पाहिजे. या लेखात पाणी कसं बनवायचं, ॲनिमोन कधी आणायचा आणि लाईट गेल्याचं फोनवर कसं कळेल, हे सगळं क्रमाने पाहू.

ॲनिमोन म्हणजे नक्की काय?

सी ॲनिमोन, म्हणजे समुद्रफूल. दिसतं फुलासारखं, पण हा प्राणी आहे. खाली चिकटून राहणारा पाय, मध्ये तोंड आणि भोवती डंख मारणारी बोटं. घरच्या टँकमध्ये सगळ्यात जास्त ठेवला जातो तो बबल टिप ॲनिमोन. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा ॲनिमोनला मिळतो. म्हणून त्याला चांगल्या रीफ एलईडीचा प्रकाश रोज ८ ते १० तास लागतो.

हा प्राणी किती जगू शकतो? स्कॉटलंडमधल्या जॉन डॅलियेल या अभ्यासकाने १८२८ साली किनाऱ्यावरून एक ॲनिमोन आणून काचेच्या बरणीत ठेवला. डॅलियेल १८५१ मध्ये वारले, पण तो ॲनिमोन दुसऱ्यांच्या हाती सांभाळला गेला आणि १८८७ पर्यंत जगला. लोक त्याला 'ग्रॅनी' म्हणायचे, म्हणजे आजी. ती जात थंड पाण्यातली होती, तिला आपल्या बबल टिपसारखा प्रकाश लागत नाही. पण त्या काळात ना पंप होता ना ॲप. होतं ते वेळच्या वेळी बदललेलं समुद्राचं पाणी. घरच्या टँकमध्ये ॲनिमोन दोन आठवड्यांत मेला, तर "त्याचं आयुष्यच तेवढं" असं म्हणता येत नाही, ते यामुळे.

समुद्राचं पाणी घरी कसं बनवायचं?

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर सुरू झालं, समोरच समुद्र. आपल्याला तो बादलीत बनवायचाय.

स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, मिठागराचं जाडं मीठही नाही. त्यात मुख्यतः सोडियम क्लोराइड असतं. समुद्राच्या पाण्यात त्याबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असं बरंच काही असतं. त्यासाठी 'मरीन सॉल्ट मिक्स' मिळतं. एका लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या टँकला सात किलोच्या वर.

मीठ कितीही चांगलं असलं तरी खालचं पाणी शुद्ध हवं. बोअरचं पाणी थेट वापरू नका. त्यात क्षार असतात, आणि शेतात खतं पडत असतील तर नायट्रेटही असू शकतं. मग घरातला आरओ? तोही जसाच्या तसा चालेलच असं नाही. पिण्याच्या अनेक आरओमध्ये चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. टीडीएस मीटर बुडवून बघा. टँकसाठी आकडा शून्याच्या जवळ हवा, त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनची नळी जोडतात.

पाणी आदल्या दिवशी बनवा, छोटा पंप लावून रात्रभर फिरू द्या आणि दुसऱ्या दिवशी खारटपणा मोजून वापरा. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि ३५ पीपीटीच्या स्टँडर्ड द्रावणाने तो अधूनमधून जुळवून घ्या.

पहिले सहा आठवडे: टँक रिकामाच

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की अमोनिया तयार होतो. तो विषारी. काही बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच कमी घातक. याला 'सायकल' म्हणतात. हे बॅक्टेरिया वाळूत आणि खडकावर वस्ती करायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. तोवर मासा आणायचा नाही. अमोनिया टाकल्यावर दुसऱ्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की सायकल पूर्ण झाली.

हे आकडे फोनमध्ये सेव्ह करून ठेवा

- तापमान: २५ ते २७ अंश सेल्सिअस
- खारटपणा: ३५ पीपीटी (विशिष्ट घनता १.०२५ ते १.०२६)
- पीएच: ८.१ ते ८.४
- अल्कलिनिटी: ८ ते १० डीकेएच
- अमोनिया आणि नायट्राइट: शून्य
- नायट्रेट: १० पीपीएमच्या आसपास किंवा कमी

एक टीप: टेस्ट किटचा रंग टँकच्या निळ्या लाईटखाली वाचू नका आणि तिथे फोटोही काढू नका. फोनचा कॅमेरा रंग स्वतःच बदलतो. पांढरा कागद मागे धरून दिवसाच्या उजेडात बघा आणि आकडा गुगल शीटमध्ये टाका. एकट्या आकड्यापेक्षा महिन्याभराचा ग्राफ जास्त सांगतो.

क्लाउनफिश आधी, ॲनिमोन नंतर

क्लाउनफिशला घरच्या टँकमध्ये ॲनिमोन नसला तरी चालतं. त्यामुळे घाई नको. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचं तंत्र विकसित केलेलं आहे. दुकानात 'टँकमध्ये जन्मलेला' मासाच मागा. तो खाणं लवकर घेतो आणि समुद्रातला एक मासा कमी होत नाही. जोडी घेताना एक मोठा, एक लहान घ्या. क्लाउनफिश सगळे नर म्हणून वाढतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो.

ॲनिमोन मात्र टँक किमान सहा महिने स्थिर चालल्यावरच आणा. निवडताना चार गोष्टी बघा:

- पाय फाटलेला नसावा आणि तो कुठेतरी घट्ट चिकटलेला असावा.
- तोंड मिटलेलं असावं. सतत सैल, उघडं तोंड हे आजाराचं लक्षण.
- पांढराशुभ्र ॲनिमोन घेऊ नका. ती वेगळी जात नसते, त्याच्यातलं शैवाल निघून गेलेलं असतं.
- भडक पिवळा किंवा गुलाबी दिसला तर सावध. ॲनिमोनला रंगात बुडवून विकलं जातं.

पुण्याहून आणताना पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवा, गाडीत उन्हात नको. घरी आल्यावर बारीक नळीने टँकचं पाणी थेंब थेंब पिशवीत सोडत तासभर सवय होऊ द्या. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

ॲनिमोन जागा बदलत फिरतो. पंपाच्या तोंडात ओढला गेला तर त्याचे तुकडे होतात आणि सगळं पाणी बिघडतं. म्हणून तो आणायच्या आधीच प्रत्येक पंपाच्या तोंडावर स्पंज किंवा जाळी बसवा. आणि माशांवरचं तांब्याचं औषध मुख्य टँकमध्ये कधीही टाकू नका, ॲनिमोन मरतो. आजारी मासा वेगळ्या टँकमध्ये हलवा.

उन्हाळा: आपल्याकडची कोरडी हवा कामाला येते

पाण्याच्या पृष्ठभागावर छोटे पंखे लावले की बाष्पीभवनाने पाणी थंड होतं. हवा कोरडी असेल तर हे जास्त चांगलं चालतं. या बाबतीत एप्रिलमधलं दौंड दमट मुंबईपेक्षा बरं. पंख्याने काही अंशांचा फरक पडतो. खोलीच ३८ अंशांवर जात असेल तर मात्र चिलर किंवा एसी लागेल.

पण बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागे राहतं. २०० लिटरमध्ये ३५ पीपीटीने ७ किलो मीठ धरा. १० लिटर उडालं तर तेच ७ किलो १९० लिटरमध्ये उरतं, म्हणजे जवळजवळ ३७ पीपीटी. त्यामुळे रोजची भर गोड्या आरओ-डीआय पाण्यानेच घाला, खाऱ्या पाण्याने नाही.

लाईट गेली तर आधी काय चालू ठेवायचं?

गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. ३५ पीपीटीच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना सुमारे ६.२. पंप बंद पडला की वरून नवा ऑक्सिजन मिसळणंही थांबतं. त्यामुळे इन्व्हर्टरवर क्रम असा ठेवा:

१. पाणी फिरवणारा पंप किंवा एअर पंप
२. थंड करणारे पंखे
३. वाय-फाय राउटर आणि सेन्सर
४. लाईट सगळ्यात शेवटी. एक दिवस अंधार झाला तर ॲनिमोनला काही होत नाही.

हिशोब सोपा आहे. १५० एएच, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-अवर. निम्मीच वापरायची धरली तर ९०० उरतात. पंप, पंखे आणि राउटर मिळून ४५ वॉट असतील तर कागदावर २० तास. इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो, म्हणून प्रत्यक्षात त्यापेक्षा कमी. त्याच बॅटरीवर घरातले पंखे असतील तर अजून कमी. सेलवर चालणारा एअर पंप शेवटचा आधार म्हणून घरात असू द्या.

खारं पाणी आणि वीज एकत्र आहेत, म्हणून अर्थिंग नीट हवं, आरसीसीबी बसवलेली हवी आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर गेलेली हवी, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये शिरत नाही.

फोनवर अलर्ट: इथे उलटा विचार करा

बहुतेक जण तापमानाचा सेन्सर लावतात आणि नियम ठेवतात: २८.५ अंशांच्या वर गेलं की मेसेज. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि सर्व्हर सांभाळताना पहिल्यांदा शिकवलं जातं ते हेच की बंद पडलेली मशीन "मी बंद पडले" असं सांगू शकत नाही. टँकचंही तसंच. इन्व्हर्टर संपला की पंप थांबतो, सेन्सर थांबतो, राउटरही थांबतो. तुम्ही पुण्यात ऑफिसमध्ये, फोन शांत. आणि शांत म्हणजे सगळं ठीक, असं तुम्ही समजता.

म्हणून तीन पातळ्या ठेवा:

१. मर्यादेचा अलर्ट. ईएसपी३२ बोर्ड आणि डीएस१८बी२० हा वॉटरप्रूफ सेन्सर. तापमान मर्यादेबाहेर गेलं की टेलिग्रामवर मेसेज.

२. हजेरी. तोच बोर्ड दर पाच मिनिटांनी इंटरनेटवरच्या सर्व्हरला "मी आहे" इतकंच कळवतो. पंधरा मिनिटं हजेरी आली नाही की सर्व्हर तुम्हाला मेसेज करतो. हेल्थचेक्स.आयओ ही सेवा हेच काम करते. मेसेज घरातून निघत नाही, बाहेरून येतो, हा मुद्दा.

३. जुना फोन. ड्रॉवरमधला जुना अँड्रॉइड फोन सिमसकट चार्जिंगला लावा, पण इन्व्हर्टरवर नसलेल्या सॉकेटमध्ये. मॅक्रोड्रॉइडसारख्या ॲपमध्ये नियम करा: चार्जिंग थांबलं की मेसेज पाठव. लाईट गेल्या क्षणी कळतं, आणि बॅटरी संपायच्या आत तुमच्या हातात काही तास असतात. फोन सतत चार्जिंगला राहतो, म्हणून बॅटरी फुगली नाही ना हे महिन्यातून एकदा बघा.

अलर्ट आल्यावर धावत जाणारं माणूसही ठरवून ठेवा. आई, काका, शेजारचा मुलगा, कोणीही. एअर पंपाचं बटण कुठलं, याचा फोटो त्यांच्या व्हॉट्सॲपवर आधीच पाठवून ठेवा. महिन्यातून एकदा मुद्दाम मेन स्विच पाडून मेसेज खरंच येतो का तपासा.

वेळापत्रक

- रोज: तापमान, पाण्याची पातळी, प्रत्येक मासा दिसतोय का. खाणं थोडं थोडं, दोनदा.
- दर आठवड्याला: १० टक्के पाणी बदला, टेस्ट करा. ॲनिमोनला नखाएवढा कोळंबीचा तुकडा एकदा पुरतो.
- दर महिन्याला: पंप, जाळ्या आणि अलर्ट तपासा.

ॲनिमोन गळून पडला, वितळल्यासारखा झाला आणि कुजका वास आला तर लगेच बाहेर काढा, पाणी बदला आणि कार्बन लावा. नाहीतर एका रात्रीत मासेही जातात.

कायदा लक्षात ठेवा

दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. दुकानदार म्हणाला तरी घेऊ नका. 'लाइव्ह रॉक' म्हणून प्रवाळाचे तुकडेही विकले जातात, त्यापेक्षा कारखान्यात बनवलेला सिरॅमिक किंवा सिमेंटचा रॉक घ्या. कोकणात फिरायला गेल्यावर खडकावरचा ॲनिमोन उचलून आणायचा मोहही टाळा. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

मग सुरू करायचं का?

आधी एक महिना टँक न घेता फक्त नोंद ठेवा. घरात लाईट किती वेळा आणि किती तास जाते, दुपारी खोली किती तापते, पाण्याचा टीडीएस किती येतो. शीट भरली की उत्तर तुमच्यासमोरच असेल. आकडे जमणारे असतील तर पहिली खरेदी इन्व्हर्टरची बॅटरी आणि सेन्सर. मासा सगळ्यात शेवटी.