छोटी ‘बहुपयोगी’ मोटार : वर्ग ठरतो कशावरून?

खास प्रतिनिधी

आई-वडील, पती-पत्नी आणि दोन मुले असे सहा जणांचे कुटुंब पाच आसनी मोटारीत मावत नाही आणि मोठी मोटार अनेकांना परवडत नाही. ही अडचण ओळखून छोट्या बहुपयोगी मोटारींचा, अर्थात ‘मिनी एमपीव्ही’चा वर्ग उदयास आला. मात्र एखादी मोटार या वर्गात मोडते की नाही, हे ठरविणारा सर्वमान्य निकष नाही. बांधणी, आकार आणि कर अशा तीन अंगांनी तिचे वर्गीकरण होते. भारतीय ग्राहकाच्या खिशावर थेट परिणाम होतो तो यांतील तिसऱ्याचा.

बांधणी

या मोटारींचा सांगाडा बहुधा हॅचबॅकचाच असतो. छत उंच, बॉनेट आखूड आणि आसने उंचावर असतात. प्रवासी ताठ बसला की पायांसाठी लागणारी आडवी जागा कमी होते. त्यामुळे लांबी फारशी न वाढविता आत ऐसपैसपणा मिळतो. आसने दुमडण्याची, सरकविण्याची किंवा काढून ठेवण्याची सोय हे या मोटारींचे खरे वैशिष्ट्य. ‘बहुपयोगी’ हे विशेषण त्यातूनच आले आहे.

युरोपातील विभागणी

रेनॉने १९८४ मध्ये ‘एस्पास’ आणि १९९६ मध्ये मेगानच्या सांगाड्यावरील ‘सेनिक’ बाजारात आणली. त्याहून लहान ओपेल मेरिवा व फियाट आयडिया २००३ मध्ये, तर रेनॉ मोड्यूस २००४ मध्ये आली. युरोपीय आयोगाने १९९९ मध्ये ह्युंदाई-किया प्रकरणाच्या निर्णयात मोटारींचे वर्ग नमूद केले होते. त्यात ‘ए’ ते ‘एफ’ हे आकारमानानुसार, तर स्पोर्ट्स मोटारींसाठी ‘एस’, बहुपयोगींसाठी ‘एम’ आणि एसयूव्हींसाठी ‘जे’ असे वर्ग होते. म्हणजे लहान-मोठ्या सर्व बहुपयोगी मोटारी एकाच ‘एम’ वर्गात येतात. त्यातील ‘मिनी’ कोणती, हे मोटार कोणत्या सांगाड्यावर उभी आहे यावरून ओळखले जाते.

भारतात चार मीटरची रेषा

आपल्याकडे निर्णायक ठरते ती लांबी. २००६-०७च्या अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. त्यासाठी लांबी चार हजार मिलिमीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलसाठी १२०० सीसी, तर डिझेलसाठी १५०० सीसीपर्यंत अशी अट होती. वस्तू व सेवा करातही हेच मोजमाप राहिले. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेतील मोटारींवर १८ टक्के, तर त्याबाहेरील पेट्रोल व डिझेल मोटारींवर ४० टक्के कर आहे. लांबी किंवा इंजिन यांपैकी एक मर्यादा ओलांडली तरी सवलत जाते.

रेनॉ ट्रायबर आणि मारुती एर्टिगा या दोन्ही सात आसनी मोटारी आहेत. ट्रायबरची लांबी चार मीटरच्या किंचित आत आणि इंजिन ९९९ सीसीचे असल्याने तिला १८ टक्के कर लागतो. एर्टिगा सुमारे ४.४ मीटर लांब असून तिचे इंजिन १४६२ सीसीचे आहे. त्यामुळे तिच्यावर ४० टक्के कर आहे.

कर वाचविण्यासाठी लांबी आखडली की सामानाची जागा घटते. सातही आसने वापरात असताना ट्रायबरमध्ये ८४ लिटर, तर एर्टिगामध्ये २०९ लिटर जागा उरते. ट्रायबरची शेवटची रांग काढून ठेवल्यास मात्र ती ६२५ लिटर होते.

आकडेवारी आणि नोंदणी

वाहन उद्योगाच्या विक्री अहवालात प्रवासी मोटारी, ‘युटिलिटी’ वाहने आणि व्हॅन असे तीन गट असतात. एर्टिगा दुसऱ्या, तर मारुती ईको तिसऱ्या गटात मोजली जाते. त्यामुळे ‘युटिलिटी’ वाहनांची विक्री वाढली, याचा अर्थ केवळ एसयूव्हींची वाढली असा होत नाही. नियमांनुसार मात्र चालकाव्यतिरिक्त आठपर्यंत आसने असलेली प्रवासी वाहने ‘एम-१’ या एकाच प्रवर्गात येतात. महाराष्ट्रात खासगी मोटारीचा एकरकमी वाहनकर किंमत आणि इंधनावर ठरतो.

तेव्हा मोटार नोंदविण्यापूर्वी जाहिरातीतील नावापेक्षा माहितीपत्रकातील लांबी, इंजिनक्षमता आणि सातही आसने भरल्यावर उरणारी सामानाची जागा पाहावी. शेवटच्या रांगेत घरातील प्रौढ व्यक्तीला प्रत्यक्ष बसवून पाहणेही तितकेच आवश्यक आहे.